आठवड्याची कॅप्सूल बाबांनी रोज घेतली : डी व्हिटॅमिनचा अनुभव (नागपूर)

ऊनसावली | १२ जून, रात्री ९:४०

बाबा नऊ दिवस ॲडमिट होते, आता घरी आहेत आणि सावरताहेत. हे आधी सांगते, म्हणजे कोणी काळजी करत पुढचं वाचणार नाही. धागा काढला कारण आमच्याकडे जे झालं ते कुठल्याही घरी होऊ शकतं, आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात तर ते लवकर लक्षातही येत नाही.

बाबा ७१ वर्षांचे. दहा वर्षांपासून बीपीची गोळी सुरू आहे, एरवी तब्येत खणखणीत. रोज पहाटे त्रिमूर्तीनगरहून अंबाझरीपर्यंत पायी जाणार म्हणजे जाणार. फेब्रुवारीत गुडघे धरले म्हणून हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. रक्तात डी व्हिटॅमिन ९ निघालं, म्हणजे फारच कमी. त्यांनी कॅल्शियमची रोज एक गोळी आणि डीची साठ हजार युनिटची कॅप्सूल दिली. कॅप्सूल आठवड्यातून एक, आठ आठवडे. चिठ्ठीवर हे इंग्रजीत लिहिलं होतं, घाईच्या अक्षरात. औषधाच्या दुकानात पट्टीवर कोणी काही लिहून दिलं नाही. बाबांच्या बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीही त्यांनी रोजचीच धरली. रात्री दुधासोबत एक, अगदी नेमाने. पट्टी संपली की रिकामी पट्टी घेऊन दुकानात जायचे आणि नवी आणायचे. चिठ्ठी कोणी मागितली नाही, की काका ही किती दिवसांपासून घेताय असंही कोणी विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटी त्यांना तहान लागायला लागली. नागपूरचा एप्रिल, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर, तहान कोणाला लागत नाही? आई माठातलं वाळ्याचं पाणी तांब्यात भरून त्यांच्या उशाशी ठेवायची. तो तांब्या रात्रीतून दोनदा रिकामा व्हायचा. लघवीला पाच-सहा वेळा उठायचे, आम्ही म्हटलं प्रोस्टेट असेल. मग जेवणावरची वासना उडाली. पोट साफ होईना म्हणून इसबगोल सुरू केलं. मे लागला तसं पहाटेचं फिरणं सुटलं आणि बाबा दिवसभर कूलरसमोर पडून राहायला लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, ऊन लागलं. खिशात कांदा ठेवला, पन्हं पाजलं, तळपायांना भाजलेल्या कैरीचा गर चोळला. सगळं मनापासून केलं, आणि या सगळ्यात तीन आठवडे गेले.

१७ मेच्या संध्याकाळी बाबांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली. मला वाटलं चुकून निघालं तोंडातून. दहा मिनिटांनी परत तेच, आणि मला विचारलं, "बस आली का?" त्याच रात्री त्यांना ॲडमिट केलं.

कॅल्शियम १३.८ आलं, ते साडेदहाच्या आत हवं. क्रिएटिनीन २.७. म्हणजे किडनीवरही ताण आलेला. कॅल्शियम इतकं वाढलं की डॉक्टरांना आधी कॅन्सर किंवा पॅराथायरॉइड ग्रंथीचा आजार तपासावा लागतो. ते दोन दिवस आम्ही कसे काढले ते मी लिहू शकत नाही. तिसऱ्या दिवशी एका तरुण निवासी डॉक्टरने आईला सांगितलं, "काकू, घरातला गोळ्यांचा डबा जसा आहे तसा घेऊन या. काही निवडू नका, काही काढू नका."

डबा म्हणजे लाडवांचा जुना स्टीलचा डबा. त्यांनी तो पलंगावरच्या चादरीवर पालथा केला. दुकानात दाखवायला म्हणून बाबांनी रिकाम्या पट्ट्यासुद्धा जपून ठेवल्या होत्या, रबर लावून. त्या मोजल्या. आठ कॅप्सूलची एक पट्टी, अशा अकरा. डॉक्टर क्षणभर काही बोललेच नाहीत, मग त्यांनी परत एकदा मोजल्या. डीची पातळी तपासायला पाठवली, रिपोर्टवर नुसतं '१५० पेक्षा जास्त' आलं. मशीन त्यापुढे मोजत नव्हतं.

घरी येऊन मी हिशेब केला. ८८ कॅप्सूल म्हणजे ५२ लाख ८० हजार युनिट. मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट पुरतात. म्हणजे चोवीस वर्षांचं डी व्हिटॅमिन बाबांच्या पोटात तीन महिन्यांत गेलं.

आता माझा राग कोणावर आहे ते मलाच ठरवता येत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यांवर आहे, पट्ट्या देणाऱ्यांवर आहे, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. मी त्याच घरात राहते. तो डबा मी रोज बघत होते. 'व्हिटॅमिन आहे, चांगलंच आहे' यापलीकडे माझ्या मनात कधी काही आलं नाही.

कोणाला असा अनुभव असेल, किंवा इथल्या डॉक्टर मंडळींना काही सांगायचं असेल, तर जरूर लिहा.

---

तर्रीपोहे | १२ जून, रात्री १०:१५

बाप्पा! ताई, काका घरी आले हे वाचून बरं वाटलं. आमच्या घरी पण ती साठ हजारवाली आहे, आत्ताच उठून आईले विचारलं. ते आठवड्यातून एकच घेते, देवाची कृपा.

मले एक समजून नाही राहिलं. आपल्या इथं एवढं ऊन तापते, मग डी कमी काऊन पडते? अन् उन्हानं जास्त होऊ शकते काय?

---

धंतोली_ओपीडी | १२ जून, रात्री ११:३०

ऊनसावली, स्वतःला दोष देऊ नका. मी फिजिशियन आहे, आणि कॅप्सूलचा असा रोजचा डोस झालेले रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत. काश्मीरमधल्या डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवून प्रसिद्ध केले आहेत. तुमच्या घरचीच चूक आहे असं समजू नका.

तर्रीपोहे, प्रश्न चांगला आहे. डी तयार व्हायला ऊन थेट कातडीवर पडावं लागतं. आपण अकरा ते चार घराबाहेर पडत नाही, आणि ते बरोबरच आहे. स्कूटीवर जाणाऱ्या मुली डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये बांधतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात डी बनत नाही, कारण त्याला लागणारे किरण काचच अडवते. आपल्या सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. म्हणून पंचेचाळीस अंशातही डी कमी निघतं.

उन्हाने जास्त मात्र होत नाही. कातडीत गरजेपेक्षा जास्त बनायला लागलं की तेच ऊन त्याचे निरुपयोगी पदार्थ करून टाकतं. तोंडाने घेतलेल्या गोळीला असा लगाम नाही. ती पोटात गेली की शरीरात शोषली जाते आणि चरबीत साठते.

आता काकांना नेमकं काय झालं ते सांगतो. डी वाढलं की आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढून घेतं, हाडांतलंही कॅल्शियम रक्तात उतरतं. रक्तात कॅल्शियम वाढलं की किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून लघवी खूप होते आणि म्हणून तहान लागते. पाणी निघून गेल्याने शरीर कोरडं पडतं, किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि मग जादा कॅल्शियम बाहेर टाकणंही तिला जमत नाही. हे चक्र एकदा फिरायला लागलं की माणूस झपाट्याने खालावतो. बद्धकोष्ठ, मळमळ, गळून जाणं, भ्रम ही सगळी त्या कॅल्शियमचीच लक्षणं.

एक विचारतो. काकांच्या बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का?

---

ऊनसावली | १३ जून, सकाळी ७:०५

हो, क्लोरथॅलिडोन होतं. ॲडमिट असताना ती गोळी बदलली, पण का बदलली ते आम्हाला नीट कळलं नव्हतं.

---

धंतोली_ओपीडी | १३ जून, सकाळी ८:२०

तेच वाटलं होतं. लघवी वाढवून बीपी उतरवणारी ही औषधं कॅल्शियम मात्र शरीरात धरून ठेवतात. एकटी घेतली तर बहुतेकांना त्रास होत नाही. सोबत कॅल्शियमची गोळी आणि वरून रोज साठ हजार, अशी तिन्हींची गाठ पडली. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं, कॅल्शियम वाढलं की त्या औषधाने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून डॉक्टरकडे जाताना 'हे काय, नुसतं टॉनिक आहे' म्हणून एकही गोळी घरी ठेवू नका.

---

सदर_बझार | १३ जून, दुपारी १:१०

काकांना लवकर आराम पडो. पण थोडं वेगळं मत मांडतो. ८८ कॅप्सूल हा अपघात झाला. त्यावरून लोकांना व्हिटॅमिनची भीती घालू नये. मी पाच वर्षांपासून रोज दोन ग्रॅम व्हिटॅमिन सी घेतो, सर्दी जवळ येत नाही. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, हे शाळेतच शिकलोय. लायनस पॉलिंगसारखा दोन नोबेल मिळवलेला माणूस तर याहून कितीतरी जास्त घ्यायचा.

---

धंतोली_ओपीडी | १३ जून, रात्री १०:५०

पॉलिंग मोठे शास्त्रज्ञ होते, याबद्दल दुमत नाही. त्यांना १९५४ चं नोबेल रसायनशास्त्रासाठी आणि १९६२ चं शांततेसाठी मिळालं. दोन्हींचा व्हिटॅमिन सीशी संबंध नव्हता. पुढे सी आणि सर्दीवर पुष्कळ चाचण्या झाल्या. रोज घेणाऱ्यांची सर्दी किंचित लवकर बरी होते, पण सर्वसाधारण माणसाला सर्दी होण्याचं प्रमाण त्याने कमी होत नाही.

जास्तीचं सी लघवीवाटे जातं हे खरं, पण जाताना त्यातल्या काहीचं ऑक्झलेट होतं, आणि आपल्याकडचे बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. स्वीडनमधल्या पुरुषांवरचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. विदर्भात उन्हाळ्यात पाणी कमी पडून आधीच किती जणांना खडे होतात हे तुम्हाला माहीत आहे. दोन ग्रॅम ही मोठ्या माणसासाठी वरची हद्द आहे, आणि तुम्ही नेमके त्या हद्दीवर रोज उभे आहात. एकदा सोनोग्राफी करून घ्या, ही मनापासून विनंती.

---

पारिजातक | १४ जून, सकाळी ११:२५

लघवीवाटे जातं म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी माझा अनुभव लिहिते. व्हिटॅमिन बी६ सुद्धा पाण्यात विरघळणारंच.

चार वर्षांपूर्वी माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. कोणीतरी नसांची गोळी सांगितली, ती सुरू केली. त्यात बी६ शंभर मिलिग्रॅम होतं, हे मला खूप नंतर कळलं. थकवा वाटतो म्हणून सोबत मल्टिव्हिटॅमिन होतं, त्यातही बी६. मुंग्या वाढल्या तशी मी नसांची गोळी एकाच्या दोन केल्या. पुढे पुढे घरात चालताना चप्पल पायातून निसटायची आणि मला पत्ता नसायचा. चार पावलं पुढे गेल्यावर फरशी गार लागली की कळायचं. मग तीही गार लागेनाशी झाली. अंधारात उभं राहिलं की तोल जायचा.

नसांच्या डॉक्टरांनी सगळ्या पट्ट्या मागवल्या, बेरीज केली आणि म्हणाले, "ज्यासाठी घेताय, तेच याच्याने होतंय." गोळ्या बंद करून दीड वर्ष झालं. मुंग्या गेल्या. डाव्या पायाची बोटं अजून थोडी बधिरच आहेत.

---

धंतोली_ओपीडी | १४ जून, दुपारी ३:४०

पारिजातक, तुमचा अनुभव फार मोलाचा आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा अशा सात रुग्णांची नोंद झाली, ते रोज दोन ते सहा ग्रॅम बी६ घेत होते. पुढे त्याहून बऱ्याच कमी डोसलाही, दीर्घकाळ घेतल्यावर, असा त्रास दिसला. अमेरिकेत वरची हद्द दिवसाला १०० मिलिग्रॅम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ वर आणली. रोजची गरज मात्र दोन मिलिग्रॅमच्या आसपास.

---

मानेवाडा_मेडिकल | १४ जून, रात्री ११:५५

मी केमिस्ट आहे. दुकान आत्ताच बंद केलं. पहिली पोस्ट काल वाचली होती, पण उत्तर लिहायला दिवस लागला.

ताई, ते दुकान माझं नव्हतं. पण माझं असतं तर मी वेगळं वागलो असतो का, हे मी काउंटरवर उभा राहून दिवसभर स्वतःला विचारत होतो. संध्याकाळी सहा ते नऊ दुकानात पाय ठेवायला जागा नसते. ओळखीचे काका रिकामी पट्टी दाखवतात, पोरगं फळीवरून तशीच पट्टी काढून देतं. आठ कॅप्सूलची पट्टी म्हणजे दोन महिन्यांचा कोर्स. काका आठव्या दिवशी परत आले तर काउंटरवर लक्षात यायलाच पाहिजे होतं. हे आमचं काम आहे आणि ते झालं नाही.

दुकानात जे रोज बघतो ते सांगतो. लोक म्हणतात, "ताकदीची गोळी द्या." गोळी काय आहे ते विचारत नाहीत. एका माणसाच्या पिशवीत कॅल्शियमची गोळी असते, तिच्यात डी. मल्टिव्हिटॅमिन, त्यातही डी. प्रोटीन पावडरच्या डब्यावर बघा, तिथंही डी. अमेरिकेहून भाच्याने आणलेली बाटली असते, तिच्यात एका गोळीत पाच हजार. नावं वेगवेगळी असल्यामुळं एकच वस्तू चार ठिकाणी आहे हे समजत नाही. म्हणून पुढचं मोठं नाव वाचू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. वाचता येत नसतील तर दुकानात आणा, मी वाचून दाखवीन.

अजून एक. ज्या डब्यावर चौदा अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर आहे, ते कायद्याने अन्नात मोडतं, औषधात नाही. ते औषधाच्या दुकानाबाहेरही विकतात, जिममध्येही आणि मोबाइलवरही. तिथं तुमची बीपीची गोळी कोणती हे विचारणारं कोणी नसतं.

लहान मुलांच्या डी ड्रॉप्सबद्दलही सांगून ठेवतो. कोणत्या बाटलीत एका मिलिलिटरला चारशे युनिट असतात, कोणत्या बाटलीत आठशे. बाटली बदलली की ड्रॉपरवरची खूण परत विचारून घ्या. जुना ड्रॉपर नव्या बाटलीत घालू नका.

---

तर्रीपोहे | १५ जून, सकाळी ९:३०

भाऊ, तुमच्यासारखे दुकानदार पाहिजेत.

डॉक्टरसाहेब, आमचा मोठा भाऊ दिवसाले एक पाकीट सिगारेट ओढते अन् म्हणते, मी अँटिऑक्सिडंट घेऊन राहिलो, फुप्फुसाले काही होत नाही. डबीवर बीटा कॅरोटिन लिहिलं हाय. त्याले काय सांगू?

---

धंतोली_ओपीडी | १५ जून, दुपारी २:०५

ती डबी आजच बंद करायला सांगा. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा कॅरोटिनने (शरीर त्यापासून व्हिटॅमिन ए बनवतं) फुप्फुसाचा कॅन्सर टळेल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत तो कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत तशीच चाचणी सुरू होती, तिथे २८ टक्के जास्त दिसला आणि १९९६ च्या जानेवारीत ती मध्येच थांबवावी लागली. भावाला गाजर, पालक, पपई हवी तेवढी खाऊ द्या, त्याने काही होत नाही. गोळीतला डोस मात्र धूम्रपान करणाऱ्यांना घातक ठरला आहे. आणि सिगारेटबद्दल तुम्ही बोलतच असाल, बोलत राहा.

---

रामदासपेठ_एक्सप्रेस | १५ जून, रात्री ८:४५

माझ्या बहिणीचा किस्सा. थायरॉइडची तपासणी केली, टीएसएच खूप कमी आणि टी४ वाढलेलं. थायरॉइड जास्त काम करतंय म्हणून औषध सुरू करायचं ठरलं. सुदैवाने डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "केसांसाठी काही घेतेस का?" बायोटिन (बी गटातलंच एक व्हिटॅमिन) घेत होती, दहा मिलिग्रॅम. ते बंद करून आठवड्याने परत तपासलं तर सगळं नॉर्मल. आजार नव्हताच, बायोटिनमुळे मशीन चुकीचं वाचत होतं.

---

धंतोली_ओपीडी | १५ जून, रात्री ९:३०

अगदी बरोबर. बायोटिन दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं, दहा मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या तीनशेपटीहून जास्त. हृदयविकाराच्या झटक्यात जी ट्रोपोनिन तपासणी करतात तीही यामुळे खोटी नॉर्मल येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये यावर इशारा दिला आहे. रक्त देताना लॅबमधल्या माणसाला केसांच्या गोळीबद्दल जरूर सांगा.

---

महालची_सून | १६ जून, सकाळी १०:१०

हे सगळं वाचून घाबरले. सासूबाईंच्या सगळ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या काल रात्री काढून ठेवल्या. माझ्या जावेला तिसरा महिना आहे, तिलाही म्हटलं काही घेऊ नको.

---

धंतोली_ओपीडी | १६ जून, सकाळी १०:२५

ताई, थांबा. जावेच्या फॉलिक ॲसिड आणि लोहाच्या गोळ्या आजच परत सुरू करा. पहिल्या महिन्यांत फॉलिक ॲसिड बाळाच्या मेंदू आणि मणक्यासाठी लागतंच. तिने टाळायचं ते डॉक्टरांना न विचारता घेतलेलं जादा व्हिटॅमिन ए. रेटिनॉल प्रकारातलं ए गरोदरपणात जास्त गेलं तर बाळात व्यंग येऊ शकतं.

सासूबाई शाकाहारी असतील तर त्यांना बी१२ ची गरज असण्याची शक्यता बरीच आहे. सगळ्या पट्ट्या घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि प्रत्येक गोळीचे तीन प्रश्न विचारा : कशासाठी, किती, कधी बंद करायची. ऊनसावलीच्या बाबांनाही डी हवंच होतं, पातळी ९ होती. औषध बरोबर होतं, डोस चुकला.

---

महालची_सून | १६ जून, सकाळी १०:४०

लगेच फोन केला तिला. सुरू केल्या. धन्यवाद डॉक्टर.

आणि लोहाच्या गोळ्या वरच्या फळीवर ठेवल्या. त्यांचा लाल रंग बघून माझा तीन वर्षांचा मुलगा चॉकलेट म्हणून मागतो.

---

मानेवाडा_मेडिकल | १७ जून, रात्री १२:१०

फार चांगलं केलं. लोहाच्या मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. फळीला दार असेल तर तेही लावून घ्या.

---

ऊनसावली | २८ जुलै, रात्री ८:२०

बरेच जण व्यक्तिगत निरोपातून विचारत होते, म्हणून इथेच लिहिते.

काल बाबांचं कॅल्शियम ९.९ आलं. क्रिएटिनीन १.४ वर उतरलं. डी अजून ११८ आहे. चरबीत साठलेलं हळूहळू बाहेर येतं, त्याला महिने लागतील असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दवाखान्यात आधी सलाइन दिलं, मग स्टेरॉइड. ते आता बंद झालं आहे. दूध मोजून देतो, कॅल्शियमची गोळी बंद. दर महिन्याला रक्त तपासायचं.

परवापासून बाबा पुन्हा पहाटे निघायला लागले. अजून अंबाझरीपर्यंत नाही, चौकापर्यंत. पावसामुळे मी छत्री घेऊन सोबत जाते. आईने लाडवांचा डबा घासून परत लाडवांना घेतला. गोळ्यांसाठी सात खणांची डबी आणली, त्यावर बाबांनी स्वतः सोम ते रवि मराठीत लिहून चिकटवलं. मानेवाडा_मेडिकल, तुमच्या दुकानात त्या डबीचा फोटो दाखवायला येणार आहेत. पत्ता कळवून ठेवा.

---

मानेवाडा_मेडिकल | २८ जुलै, रात्री ११:४०

निरोपात पाठवला आहे. काकांना दुपारी आणा, तेव्हा गर्दी नसते, बसून बोलता येईल. आता प्रत्येक साठ हजारच्या पट्टीवर मी मार्करने 'रविवारी एक' लिहून देतो, आणि पोराला सांगितलं आहे, रिकामी पट्टी घेऊन कोणी आलं की आधी मला हाक मार.